वाचनालय उघडतं किती वाजता?

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जावर बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल. आज आम्ही वाचनालयाबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका! वाचनालय म्हटलं की पेपर वाचत बसलेले निवृत्त मास्तर आणि भरतीचा अभ्यास करणारी पोरं डोळ्यांसमोर येतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही डोळ्यांसमोर तेच यायचं.

आमच्या गावचं वाचनालय 'ड' वर्गाचं. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल. बाहेर पाटी, 'सार्वजनिक वाचनालय'. खाली वेळ लिहिलेली : सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. एकदा गटाच्या बैठकीत आम्ही ही पाटी वाचून दाखवली तर सगळ्याजणी हसायलाच लागल्या. सकाळी आठ ते अकरा म्हणजे भाकरी, पोरांची शाळा, शेळ्यांचं वैरणपाणी आणि मग रान. पाच ते आठ म्हणजे पुन्हा चूल. बाईला जी काय तास-दोन तास उसंत मिळते ती दुपारी, आणि दुपारी दाराला कुलूप. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. वेळ ठरवणाऱ्या अकरा जणांत एकही बाई नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

हसून झालं, पण पाटीवरचा 'सार्वजनिक' हा शब्द काही डोक्यातून जाईना. तो आला कुठून? आधी कुणाकुणाला आत बसता यायचं? आमच्यातल्या तिघी-चौघींनी मग मिळेल ते वाचायला घेतलं. त्यातलं आम्हाला जे सापडलं आणि पटलं, ते आज तुम्हाला सांगतो.

महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं मानलं जाणारं वाचनालय रत्नागिरीचं, १८२८ सालचं. म्हणजे 'दर्पण' हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघायच्याही चार वर्षं आधी. त्यानंतर नगरला १८३८ साली, नाशिकला १८४० साली आणि पुण्याला १८४८ साली वाचनालयं निघाली. तेव्हा त्यांना 'नेटिव्ह लायब्ररी' किंवा 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असं म्हणत. नेटिव्ह म्हणजे इथले लोक. पण इथले म्हणजे कोण? वर्गणी भरू शकणारे सरदार, कारकून, वकील, मास्तर. पुस्तकंही बरीचशी इंग्रजी. या लोकांना आपण नावं ठेवायची गरज नाही. पदरचे पैसे घालून त्यांनी पुस्तकं गोळा केली, कपाटं केली, जागा मिळवली, आणि त्यातली काही वाचनालयं आजही चालू आहेत. पावणेदोनशे-दोनशे वर्षं एखादी संस्था टिकवणं किती अवघड आहे हे आपल्याला कळतं, कारण आपले गट तीन वर्षांत फुटतात.

पण पुण्याच्या १८४८ सालाशी आम्ही थोडं थांबलो. पुण्याची ती लायब्ररी लोकहितवादींच्या, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकारानं सुरू झाली. आणि त्याच साली, त्याच शहरात, भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण टाकायचे, हे आपण शाळेत शिकलोय. मग त्या शाळेत अक्षर शिकलेली मुलगी त्या लायब्ररीत जाऊन बसू शकली असती का? आम्हाला तरी वाटत नाही. अक्षर एका दारातून मिळालं आणि पुस्तकाचं दार दुसरीकडे, बंद. ही तफावत पुढची कितीतरी वर्षं राहिली.

मग बायका वाचायच्या कशा? घरात पुस्तक यायचं ते नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या हातून. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी स्वतः शिकवलं. नवरा शिकवतोय म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची किती बोलणी रमाबाईंनी खाल्ली, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात सविस्तर आलंय. म्हणजे पुस्तक घरात आलं तरी ते उघडायला पुन्हा परवानगी लागायचीच. यातलं थोडंफार अजून तसंच आहे. आम्ही आमच्या वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर चाळलं. सभासदांत बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण पुरुषांच्या नावावर गेलेली पुस्तकं बघितली तर कादंबऱ्या, पाककृती, बाळंतिणीची काळजी, भरतकाम! आता ही पुस्तकं गावातल्या कुठल्या पुरुषानं वाचली असतील ते तुम्हीच सांगा. वाचत होत्या बायकाच, नाव मात्र दुसऱ्याचं लागत होतं.

आणि बाईनं लिहिलेल्या पुस्तकाचं काय व्हायचं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक छापलं. त्यात त्यांनी पुरुषांना सरळ जाब विचारला होता : जे दोष बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? पुस्तकावर टीका झाली आणि नंतर ते विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापून आणलं. मधली ९० वर्षं बघा. कुणीतरी, कुठल्या तरी कपाटात त्याची प्रत जपून ठेवली होती म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. जुनी पुस्तकं रद्दीत घालावीत असा ठराव आमच्या वाचनालयात मध्यंतरी येणार होता, तेव्हा आम्हाला ताराबाई आठवल्या.

आता १९१० या सालाकडे येऊ. या एका सालात तीन गोष्टी झाल्या आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत. रमाबाई रानड्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' हे हजार पाककृतींचं पुस्तक आलं. म्हणजे बाईच्या हातातली विद्या कागदावर आली, आणि कागदावर आली की ती एका घराची राहत नाही. आणि तिसरी गोष्ट, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या संस्थानात ग्रंथालयांचं वेगळं खातंच सुरू केलं.

बडोद्याबद्दल जरा जास्त वेळ बोलणार आहोत, कारण तिथं जे झालं ते वाचून आम्ही थक्क झालो. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली, बाराव्या वर्षी दत्तक गेले आणि अक्षरओळख तिथं गेल्यावर झाली. आपल्या आत्ताच्या हिशेबानं सहावी-सातवीच्या वयात मुळाक्षरं. कदाचित म्हणूनच असेल, पण राजा झाल्यावर त्यांनी शिक्षणाचा ध्यास घेतला. अमरेलीच्या भागात १८९३ पासून प्रयोग करून १९०६ साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा.

पुढं त्यांच्या ध्यानात आलं की चार यत्ता शिकून पोरं शेतावर जातात, पोरी सासरी जातात, आणि हाताशी वाचायला काही नसेल तर काही वर्षांत अक्षरं विसरून जातात. शाळेवर केलेला खर्च पाण्यात. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली वाचनालयं बघितली होती. तिथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० साली बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला, आणि गावोगाव वाचनालयं कशी पसरवायची त्याची घडी बसवली.

ती घडी फार हुशारीची होती. गावानं वाचनालयासाठी पैसे गोळा करायचे. गावाचा जितका वाटा तितकाच प्रांताच्या पंचायतीचा आणि तितकाच सरकारचा. आमच्यातली एकजण हे ऐकून म्हणाली, "अगं, हा तर आपल्या गटासारखाच हिशेब झाला. आधी आपली बचत दाखवायची, मग बँक पुढं येते." अगदी खरं आहे. फुकट मिळालेल्या वस्तूला गाव धूळ खाऊ देतं, स्वतःची वर्गणी घातली की कुलूप कोण उघडतंय यावर लक्ष राहतं.

ज्या गावात वाचनालय उभं राहणं शक्य नव्हतं तिथं पेटी जायची. भक्कम लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला पाठवायची, लोकांनी वाचायची, परत आली की दुसरी. आज आपण फिरतं वाचनालय म्हणतो ते हेच. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एक वेगळी शाखा होती. ती जादूचा कंदील, म्हणजे भिंतीवर चित्र पाडणारं यंत्र, आणि पुढं सिनेमाचं यंत्र घेऊन गावोगाव फिरायची. माहिती डोळ्यांनी बघायची, कानांनी ऐकायची. मैत्रिणींनो, आत्ता तुम्ही भाजी निवडता निवडता हे ऐकताय, तेही त्याच जातीचं काम आहे. वाचता न येणाऱ्या बाईला ज्ञानाच्या बाहेर उभं करायचं नाही, हा विचार १०० वर्षांपूर्वी एका ग्रंथालय खात्यानं केला होता.

शिवाय बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि मुलांसाठी खेळायची-वाचायची खोली. या दोन गोष्टी एकत्र किती महत्त्वाच्या आहेत ते पोर कडेवर घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहिलेली बाईच सांगू शकेल. मूल रमलं तरच आई वाचणार. राजाच्या पैशावर आणि राजाच्या हुकुमानं चाललेलं हे काम होतं हे खरं. आपल्याला आता राजा नको आहे. पण पोराची सोय आधी बघावी एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

याच सयाजीरावांचा धागा आणखी एका ठिकाणी जोडला जातो. मुंबईत परळच्या चाळीत राहणाऱ्या भीमराव नावाच्या शाळकरी मुलाला घरात अभ्यासाला निवांत जागा नव्हती. शाळा सुटली की तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. ते त्याला पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले. ही गोष्ट आपल्याला माहीत असते, पण आमचं लक्ष त्यातल्या बागेवर गेलं. इतक्या मोठ्या शहरात एका हुशार पोराला वाचायला बागेतली जागा शोधावी लागली.

आणि बाबासाहेबांच्या लक्षात ते राहिलं असणार. कारण १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वाचनालयं आणि अभ्यासवर्ग काढून आपल्या समाजात विद्येचा प्रसार करायचा, हे स्पष्ट लिहिलं होतं. सभेनं मुंबईत मोफत वाचनालय चालवलं आणि १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढलं. 'मोफत' हा शब्द लक्षात घ्या. वर्गणी हाही एक उंबराच असतो. दिसायला लहान, पण ज्याच्या खिशात नाही त्याला डोंगराएवढा.

उंबऱ्याचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. बचत गटाच्या बैठका आपण कुठं घेतो? कुणाच्या तरी ओसरीवर. मग ओसरी कुणाची यावरून काय काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. अमक्या वस्तीवरची बाई तमक्या गल्लीतल्या घरी जाते खरी, पण पायरीवर बसते. चहा आला की "आत्ताच घेऊन आले" म्हणते. कुणी काही बोलत नाही, सगळ्यांना सगळं कळतं. पुढं ती बैठकीला यायची बंद होते आणि आपण वहीत 'गैरहजर' लिहितो. आमच्या दोन गटांत हे झालं. आम्ही समन्वयक म्हणवतो, पण आम्हीही वर्षभर 'गैरहजर' लिहीत राहिलो. याची आम्हाला आजही लाज वाटते.

वाचनालयाच्या टेबलाभोवती बैठक घ्यायला लागलो तेव्हा हे एका दिवसात गेलं असं नाही. पण तिथला उंबरा कुणाच्या घरचा नाही. खुर्च्या सारख्या. माठ एक आणि पेला एक. पहिल्या बैठकीला पायरीवर बसणाऱ्यांपैकी एकजण आली, टेबलाच्या मधोमध बसली आणि हिशेबाची वही स्वतःकडे ओढून म्हणाली, "मला दाखवा, मागच्या साली माझं व्याज किती धरलंय." तिचं व्याज चुकीचंच धरलेलं निघालं! ओसरीवर तिनं ते कधीच विचारलं नसतं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३९ साली मुंबई सरकारनं फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खाली खेड्यापर्यंत वाचनालयांची साखळी कशी असावी याचा आराखडा तिनं दिला. १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आपल्या देशातला हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो, आणि तो आपल्या जवळच्याच जिल्ह्यातला आहे! सगळ्या महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ साली. त्यातून ग्रंथालय संचालनालय आलं, अनुदान आलं, आणि अ, ब, क, ड असे वर्ग आले. पुस्तकं किती, सभासद किती, उघडं किती वेळ असतं, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. तमिळनाडूत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात, तसा आपल्याकडे नाही. त्यामुळे खालच्या वर्गातलं वाचनालय म्हणजे अनुदानाची वाट बघत बसलेलं घर. आमच्या ग्रंथपाल दादांना जे मानधन मिळतं त्यात त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च निघतो की नाही, शंका आहे. दुपारी वाचनालय बंद असायचं त्याचं एक कारण हेही होतं. ते दुपारी दुसरीकडे कामाला जात.

आता आमच्या सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट. १९५९ साली, महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधी, आपल्या जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. शाळेतले मास्तर आणि गावातली शिकलेली माणसं रात्री वर्ग घ्यायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. सगळं गाव जमायचं, सण असल्यासारखं. पुढं ही मोहीम राज्यभर गेली. (त्याच वर्षी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्याचा पुढं 'लिज्जत' झाला. तिथंही पहिल्यापासून हिशेब चोख ठेवण्यावर भर होता म्हणतात. ते आपलं जाता जाता.)

आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या सभासदाचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. आम्ही सगळ्याजणी तिला आजीच म्हणतो. ती तेव्हा नवी सून म्हणून गावात आली होती आणि देवळातल्या रात्रीच्या वर्गाला सासूबरोबर जायची. कंदिलाच्या उजेडात पाटीवर नाव लिहायला शिकली. समारंभाला फळ्यावर सगळ्यांसमोर नाव लिहून दाखवलं. हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि तरीही, आमच्या गटाचं बँकेत खातं काढायला गेलो तेव्हा आजीनं अंगठा पुढं केला. आम्ही म्हटलं, आजी, तुला तर येतं ना? तर म्हणाली, "तवा येत हुतं गं. पर वाचाया काय हुतं घरात? कॅलेंडर बी नव्हतं. गेलं समदं विसरून."

बडोद्याच्या महाराजांना जी भीती वाटली होती ती आमच्या आजीच्या अंगठ्यात आम्हाला दिसली. शिकवलं सगळ्यांनी, पण शिकल्यावर तिच्या हातात पुस्तक ठेवलं नाही. गावात तेव्हा वाचनालय नव्हतं. पुढं झालं तेव्हा त्याची वेळ सकाळी ८ ते ११ होती.

आता धंद्याकडे येतो, कारण खरं तर आम्ही वाचनालयात शिरलो ते धंद्याच्या अडचणीमुळे. आमचे गट शेंगदाण्याची चटणी, सांडगे आणि कुरडया करतात. तालुक्याच्या एका दुकानदारानं आमचा चटणीचा सगळा माल परत पाठवला. चव चांगली होती, मग का? तर पाकिटावर काहीच नव्हतं. फक्त गटाचं नाव आणि एक कमळाचं चित्र. तो म्हणाला, तपासणी आली तर मी अडकेन. चाळीस किलो चटणी परत आली, आणि तेल सुटायच्या आत आम्ही ती जत्रेत निम्म्या भावानं विकली. गटाच्या बैठकीत त्या दिवशी रडारड झाली.

पाकिटावर नेमकं काय पाहिजे हे सांगणारं कुणी नव्हतं. मोबाईलवर शोधलं तर निम्मं इंग्रजीत, निम्मं जाहिराती. शेवटी वाचनालयात तलाठी भरतीचा अभ्यास करणारी गावातलीच एक मुलगी म्हणाली, "काकू, संध्याकाळी या, दादांच्या संगणकावर बघू." ग्रंथपाल दादांनी नियमाची पानं छापून दिली आणि त्या पोरीनं ती आम्हाला मराठीत समजावून सांगितली. पदार्थाचं नाव, घटकांची यादी, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, बॅच क्रमांक, आपला पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण आणि अन्न नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी लहान उद्योगाला अगदी स्वस्तात होते. आम्ही केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. १०० रुपयांची नोंदणी नव्हती म्हणून चाळीस किलो माल परत!

तिथंच पेपरात आम्हाला केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेची माहिती मिळाली. ही योजना २०२० सालची. तिच्यात तेव्हा कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान होतं आणि गटातल्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळू शकत होतं. आम्ही डंक घ्यायचा विचार करतोय, त्याचा प्रस्ताव त्या लांब टेबलावरच लिहिला. पहिला प्रस्ताव त्रुटी काढून परत आला, दुसरा गेलाय. 'रुचिरा' हे कमलाबाई ओगल्यांचं पुस्तकही आम्हाला तिथल्या कपाटात मिळालं. त्यातली वाटी-चमच्याची मापं बघून आम्ही आमच्या चटणीचं माप पहिल्यांदा लिहून काढलं. तोवर प्रत्येकीच्या हाताची चव वेगळी आणि प्रत्येक पाकीटही वेगळं. गिऱ्हाईक काय ते समजायचं!

एवढं सगळं झालं ते संध्याकाळी पाच ते आठच्या वेळात, घरची बोलणी खाऊन. म्हणून आम्ही ठरवलं की वेळ बदलून घ्यायची. वाचनालय ही नोंदणी झालेली संस्था असते आणि तिची घटना असते. आम्ही ती मागून घेतली. पहिल्यांदा "कशाला हवी?" असं झालं, मग मिळाली. त्यात लिहिलेलं की वर्गणीदार सभासदाला वार्षिक सभेत मत आहे. मग काय, तीन गटांतल्या २६ जणींनी स्वतःच्या नावानं वर्गणी भरली. नवऱ्याच्या नावानं नाही! सभेला पाऊस होता तरी २१ जणी गेल्या. अध्यक्ष वयानं मोठे, आदराचे. ते म्हणाले, "पोरींनो, दुपारी उघडायला माणूस कुठून आणू? त्याला पगार कोण देणार?" प्रश्न खरा होता. आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. बराच वेळ बोलणं झालं, थोडं वाजलंही. शेवटी ठरलं की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी १ ते ४ वाचनालय उघडं ठेवायचं आणि ते आम्ही पाळीपाळीनं सांभाळायचं. पुस्तक हरवलं तर जबाबदारी गटाची. कार्यकारी मंडळात दोन जागा रिकाम्या होत्या, त्यावर आमच्यातल्या दोघी गेल्या.

बिनपगारी सांभाळायचं हे आम्हाला पूर्ण पटलेलं नाही, हे इथं स्पष्ट सांगतो. बाईचं काम म्हटलं की ते फुकटच, ही सवय वाचनालयातही आली. दादांना पूर्ण दिवसाचा पगार मिळावा आणि वाचनालय दिवसभर उघडं राहावं अशी मागणी आम्ही मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहोत. अनुदान वाढायचं तर वर्ग वाढायला हवा, आणि वर्ग वाढायला सभासद वाढायला हवेत. तेव्हा आमची ही २६ नावं मंडळालाही कामाची आहेत, हे आम्ही त्यांच्या कानावर घातलंय.

दोन पाळ्या झाल्या की आम्ही पोरांसाठी कोपऱ्यात सतरंजी टाकली. बडोद्याची आठवण म्हणा. मंगळवारी दहा-बारा पोरं असतात, गोंधळ असतो, आणि भरतीचा अभ्यास करणारी मुलं कपाळाला आठ्या घालतात. त्यांचंही चुकत नाही. आता त्यांची खोली वेगळी केली आहे. शुक्रवारी शांत असतं. शुक्रवारी आजी येते. मोठ्या अक्षरांचं पुस्तक दादांनी तिच्यासाठी शोधून ठेवलंय. बोट ठेवून वाचते, एका पानाला अर्धा तास लागतो, आणि मध्येच चष्मा पुसत म्हणते, "ह्यो 'क्ष' लई छळतोय बघ."

तुमच्या गावच्या वाचनालयाची वेळ काय आहे, ते आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर जरूर कळवा. आज शुक्रवार आहे, चावी आमच्याकडे आहे आणि एक वाजत आलाय.